परिणामांचा रकाना

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या उद्योगसमूहाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागात मी काम करतो, त्याचे भोसरी, चाकण आणि रांजणगाव येथे तीन प्लांट आहेत आणि मुख्य कार्यालय पुणे शहरात आहे. भोसरीचा प्लांट सर्वांत जुना, चाकणचा एका मोठ्या ग्राहकाला जवळून माल पुरवता यावा म्हणून उभारलेला, आणि रांजणगावचा दुसऱ्या उद्योजकाकडून यंत्रे, कामगार व संगणकप्रणाली यांच्यासह चालू स्थितीत विकत घेतलेला. साहजिकच हिशेब, स्टोअर्स आणि उत्पादन-नियोजन यांची सॉफ्टवेअरे तिन्हीकडे वेगवेगळी होती. हे सगळे एका ईआरपीवर, म्हणजे ही सगळी कामे एकत्र सांभाळणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरवर, आणण्याचे संचालक मंडळाने ठरवले, तेव्हा प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी समूहाच्या एंटरप्राइझ आर्किटेक्चरची, म्हणजे व्यवसाय, माहिती आणि संगणकप्रणाली यांच्या एकत्रित आखणीची, मार्गदर्शक तत्त्वे लिहून मंजूर करून घ्यावीत, अशी जबाबदारी माझ्याकडे आली.

पाटी कोरी नव्हती. काही वर्षांपूर्वी एका सल्लागार संस्थेकडून असा दस्तऐवज करून घेतलेला होता आणि तो कंपनीच्या शेअरपॉइंटवर नीट ठेवलेलाही होता. त्यात एकवीस तत्त्वे होती. या क्षेत्रात वावरणाऱ्याला एकवीस हा आकडा पाहताच त्यांचे मूळ कळेल. ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेच्या ‘टोगॅफ’ या एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९५ साली, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘टॅफिम’ या आराखड्याच्या पायावर, तयार झाली. तिची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. टोगॅफच्या नमुना यादीत व्यवसायाची नऊ, माहितीची सहा, अ‍ॅप्लिकेशन्सची दोन आणि तंत्रज्ञानाची चार अशी एकवीस तत्त्वे दिलेली आहेत. ही यादी उदाहरणादाखल आहे. ती पाहून प्रत्येक संस्थेने आपापली तत्त्वे ठरवावीत, अशी अपेक्षा आहे. आमच्याकडच्या दस्तऐवजात ती यादी फक्त नावे बदलून जशीच्या तशी उतरलेली होती.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इंडईए’ हा आराखडाही मी वाचला. पण त्याचा रोख सरकारी खात्यांनी एकत्रितपणे नागरिकांना सेवा देण्यावर आहे आणि कारखान्याच्या कामाशी त्याचा थेट सांधा जुळेना, म्हणून तो बाजूला ठेवला.

टोगॅफने प्रत्येक तत्त्व चार भागांत लिहायला सांगितले आहे: नाव, विधान, कारण आणि परिणाम. हे तत्त्व स्वीकारल्यावर कोणाला काय बदलावे लागेल, कोणते काम वाढेल, कशावर खर्च होईल आणि कोणाची मोकळीक कमी होईल, हे परिणामांच्या रकान्यात यायला हवे. जुन्या दस्तऐवजात पहिले तीन भाग सुबक भाषेत भरलेले होते. चौथ्या रकान्यात मात्र ‘सर्व संबंधितांचे सहकार्य आवश्यक राहील’ आणि ‘योग्य प्रशिक्षण द्यावे लागेल’ या दोन वाक्यांची आलटून पालटून पुनरावृत्ती होती. ‘माहिती ही समूहाची मालमत्ता आहे’ या तत्त्वाखालीही तेच आणि ‘व्यवसायाचे सातत्य राखले जाईल’ याखालीही तेच. त्या दस्तऐवजाच्या आधारे एखादा निर्णय झाल्याचे किंवा फिरल्याचे विभागात कोणालाच आठवत नव्हते, यात मला नवल वाटले नाही.

म्हणून आम्ही तत्त्वांपासून सुरुवात केलीच नाही. मागच्या काही वर्षांतले असे निर्णय काढले, की जे महिनोन्‌महिने ई-मेलमध्ये फिरत राहिले, एका बैठकीत एक आणि दुसऱ्या बैठकीत दुसरे ठरले, किंवा शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागले. लोक ज्यावर पुन्हा पुन्हा भांडतात, तिथे तत्त्वाची गरज आहे, असा साधा हिशेब त्यामागे होता. ही भांडणे समजून घ्यायला मी आणि माझी एक सहकारी तिन्ही प्लांटवर जाऊन बसलो. मुख्य कार्यालयात बोलावून घेतलेली माणसे सभ्यपणे मान डोलावतात. स्टोअर्सच्या खिडकीशी त्याच माणसांशी बोलले की खरे काय ते कळते.

भोसरीच्या स्टोअर्समध्ये पाहिलेली एक गोष्ट पुढे सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी आली. आठ मिलिमीटर व्यासाचा आणि पंचवीस मिलिमीटर लांबीचा षटकोनी माथ्याचा बोल्ट तिन्ही प्लांटमध्ये लागतो. भोसरीत तो एका कोडखाली नगांवर मोजला जात होता. चाकणला कोड वेगळा आणि मोजणी किलोवर, कारण तिथला पुरवठादार पोत्याने माल देतो. रांजणगावच्या जुन्या प्रणालीत त्याच बोल्टचे दोन कोड होते, एक जुन्या मालकाच्या काळातला आणि एक नंतरचा. खरेदी विभागाच्या प्रमुख मॅडमना समूहाची एकत्रित वार्षिक गरज काढून पुरवठादाराशी दर ठरवायचा असे, तेव्हा त्यांच्या हाताखालचा मुलगा तीन एक्सेल फायली जोडत बसे आणि किलोचे नग करण्यासाठी एका बोल्टचे सरासरी वजन धरून भागाकार करी. ते वजन त्याने कुठून घेतले, असे मी विचारले. “स्टोअर्सच्या काकांनी काट्यावर शंभर बोल्ट ठेवून काढून दिलं होतं, तेव्हापासून तेच चालू आहे,” असे उत्तर मिळाले. समूहाचा वार्षिक खरेदी-करार त्या काट्यावर उभा होता.

यातून आमचे पहिले तत्त्व आले. त्याचे विधान असे: समूहात एका वस्तूला एकच कोड आणि मोजमापाचे एकच मूळ एकक असेल, आणि नवा कोड देण्याचा अधिकार एकाच गटाकडे राहील. विधान पाच मिनिटांत मान्य झाले. परिणामांचा रकाना लिहायला बसलो, तेव्हा बैठक खऱ्या अर्थाने सुरू झाली. चाकणचे प्लांट हेड म्हणाले, “साहेब, तिसऱ्या पाळीत एखादं टूल तुटलं आणि पर्यायी टूल मागवायचं असलं, तर आज माझा स्टोअर्सवाला तिथल्या तिथे कोड उघडतो. उद्या तुमच्या गटाची सकाळी नऊ वाजेपर्यंत वाट बघायची का?” आक्षेप रास्त होता. त्यातून परिणामांच्या रकान्यात चार ओळी आल्या. प्लांटमध्ये कोड उघडण्याचा अधिकार बंद होईल. त्याच्या बदल्यात कोड देणारा गट तिन्ही पाळ्यांत उपलब्ध राहील आणि तातडीच्या मागणीला ठरलेल्या मुदतीत उत्तर देईल. त्यासाठी नवी माणसे नेमावी लागतील. जुने दुहेरी कोड गोठवताना शिल्लक साठ्याची पुन्हा मोजणी करावी लागेल. लगेच वित्तप्रमुखांनी विचारले, की या माणसांचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकात धरायचा? त्यावर जे घमासान झाले ते इथे सांगत नाही. खर्च तिन्ही प्लांटमध्ये वाटून घ्यायचे ठरले आणि तेही रकान्यात लिहिले.

त्या बैठकीनंतर तत्त्वे पारखण्याची आमची रीत ठरून गेली. विधान कितीही सुंदर असो, परिणामांच्या रकान्यात कोणाच्या तरी कपाळाला आठी पडेल असे एकही वाक्य लिहिता येत नसेल, तर ते तत्त्व यादीत घ्यायचे नाही. आणखी एक कसोटी पुष्कळ जण वापरतात: विधान उलटे करून पाहायचे. ‘आम्ही दर्जेदार माहिती ठेवू’ याच्या उलट ‘आम्ही निकृष्ट माहिती ठेवू’ असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, त्यामुळे पहिल्या वाक्याने काहीच ठरत नाही. उलट ‘प्रत्येक प्लांटने आपल्या सोयीचे कोड वापरावेत’ असे म्हणणारा माणूस सहज भेटतो, आणि त्याच्याजवळ कारणेही असतात. ही कसोटी उपयोगी आहे, पण माझ्या मते पुरेशी नाही, आणि ते आम्हाला कायद्याच्या तत्त्वाच्या वेळी दिसले.

‘समूहाच्या सर्व प्रणाली लागू कायद्यांचे पालन करतील’ हे विधान उलटवून पाहिले तर हास्यास्पद वाक्य मिळते, म्हणजे कसोटीनुसार ते गाळायला हवे होते. माझ्या सहकारीने ते गाळू दिले नाही. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग आपोआप राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत तिची माहिती द्यावी लागते आणि प्रणालींचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस भारतात जपून ठेवावे लागतात. हे सगळे वित्त आणि आयटी विभागांना माहीत होते. पण प्रत्यक्षात महिनाअखेरीला साठ्याचा एखादा आकडा जुळला नाही, की प्लांटमधून फोन येई आणि आमच्याच विभागातला एखादा अनुभवी माणूस थेट डेटाबेसमध्ये शिरून तो आकडा दुरुस्त करी. ‘बॅकएंडने करून घ्या’ हा शब्दप्रयोग पुण्यातल्या कुठल्याही कारखान्यात ऐकायला मिळेल. अशा दुरुस्तीचा माग सॉफ्टवेअरमध्ये राहत नाही. तेव्हा या तत्त्वाच्या परिणामांत आम्ही स्पष्ट लिहिले, की चालू डेटाबेसमध्ये हाताने बदल करण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही, प्रत्येक दुरुस्ती उलट नोंद घालूनच होईल आणि त्यामुळे महिनाअखेरीचे काम वाढले तरी ती पळवाट पुन्हा उघडली जाणार नाही. यादीतील सर्वांत निरुपद्रवी दिसणाऱ्या विधानाचा परिणाम सर्वांत बोचरा निघाला, आणि तो सोसायचा होता आमच्याच विभागाने.

तत्त्व आणि मानक यांतली सीमा आखणे त्या मानाने सोपे गेले. काही जणांनी अमुक डेटाबेसच वापरावा, अमुक आवृत्तीपेक्षा जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवू नये, अशा सूचना दिल्या होत्या. त्या योग्य होत्या, पण दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या होत्या, म्हणून त्यांची वेगळी यादी केली. तत्त्वांच्या गुणांत टोगॅफने सुबोधपणा, भक्कमपणा, परिपूर्णता आणि सुसंगती यांच्या जोडीला स्थैर्यही धरले आहे. तंत्रज्ञानाची आवृत्ती बदलली म्हणून जे बदलावे लागते त्याला तत्त्व म्हणण्यात अर्थ नाही.

सुसंगतीचा प्रश्न मात्र चांगलाच चिघळला. माहिती एकाच ठिकाणी, म्हणजे मध्यवर्ती ईआरपीत राहावी, हे एक तत्त्व. मुख्य कार्यालयाशी संपर्क तुटला तरी प्लांटची लाइन थांबता कामा नये, हे दुसरे. दोन्ही तिन्ही प्लांटना मान्य होती, आणि दोन्ही शब्दशः पाळली तर एकमेकांच्या आड येत होती. चाकणला रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटण्याचा अनुभव नवा नाही, आणि ग्राहकाची गाडी ठरलेल्या वेळी माल घ्यायला दारात उभी असते. लाइनवरच्या कामगाराला पुढचा भाग कोणता लावायचा, हे दाखवणारा पडदा मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून ठेवला, तर फायबरबरोबर लाइनही बंद पडणार. उलट प्रत्येक प्लांटमध्ये माहितीची पूर्ण प्रत ठेवली, तर पुन्हा तीन वेगळी सत्ये तयार होणार, आणि बोल्टची गोष्ट नव्याने सुरू. दोन तत्त्वे इतकी विरोधी असू नयेत की एक पाळताना दुसऱ्याचा आत्मा मोडेल, असे टोगॅफ सांगते. पण कोणत्या प्रसंगी कोणाला झुकते माप द्यायचे, हे संस्थेनेच ठरवायचे असते. आम्ही दोन्हींच्या परिणामांत एकमेकांचा उल्लेख घातला. चालू पाळीला आणि पुढच्या पाळीला लागणारी उत्पादनाची माहिती प्लांटमधल्या सर्व्हरवर राहील आणि संपर्क नसताना तिच्यावर काम चालेल. मात्र वस्तू, पुरवठादार आणि दर यांची मूळ नोंद प्लांटमध्ये बदलता येणार नाही, आणि संपर्क परत आल्यावर प्लांटच्या व्यवहारांची जुळणी ठरलेल्या क्रमाने होईल. हे लिहायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बाकीची अर्धी यादी झाली असती.

त्याच सुमारास एक छोटी गोष्ट घडली, जी सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रणालीची देखभाल रविवारी करायची, असा आमच्या विभागाचा शिरस्ता होता, कारण मुख्य कार्यालय रविवारी बंद असते. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, आणि आमचा तिथला प्लांट रविवारी पूर्ण क्षमतेने चालतो. देखभालीच्या वेळा व्यवसायाच्या सोयीने ठरतील, हे वाक्य आम्ही एका तत्त्वाच्या परिणामांत लिहिले, तेव्हा भोसरीच्या प्लांट हेडनी विचारले, “म्हणजे रविवारचं शटडाउन गुरुवारी होणार ना? एवढं एक लिहून द्या, बाकी सगळ्यावर सही करतो.” लिहून दिले. त्यापायी आमच्या दोन सहकाऱ्यांची पाळी बदलावी लागली.

जुन्या यादीतील काही तत्त्वे आम्ही पूर्ण गाळली. अ‍ॅप्लिकेशन्स विशिष्ट तंत्रज्ञानावर अवलंबून नसावीत, हे त्यांतले एक. ज्या समूहाने एक ईआरपी निवडून पुढच्या अनेक वर्षांसाठी करार केला आहे आणि ज्याची यंत्रे ठरावीक कंपन्यांच्या पीएलसीवर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकांवर, चालतात, त्याने असे तत्त्व मिरवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्याऐवजी तंत्रज्ञानातली विविधता मर्यादित ठेवण्याचे तत्त्व घेतले आणि यंत्रांची माहिती घेताना ‘ओपीसी यूए’सारख्या खुल्या मानकाला प्राधान्य द्यावे, एवढे मानकांच्या यादीत नोंदवले. अखेरीस नऊ तत्त्वे उरली.

मंजुरीच्या वेळी आमचा आग्रह एकच होता: सह्या आयटीप्रमुखांच्या नव्हे, तिन्ही प्लांट हेड, वित्त, खरेदी आणि व्यवस्थापकीय संचालक यांच्या हव्यात. टोगॅफच्या नमुना यादीतले पहिलेच तत्त्व असे आहे, की ही तत्त्वे संस्थेच्या सर्व घटकांना लागू राहतील. ते लिहायला सोपे आहे. पण खालच्या पातळीवर मंजूर झालेले तत्त्व वरच्या पातळीवरचा माणूस एका फोनने बाजूला सारतो, हे आम्ही पूर्वी पाहिलेले होते. संचालक मंडळासमोर मी विधानांपेक्षा परिणामांचे रकाने अधिक वेळ वाचून दाखवले. एका ज्येष्ठ संचालकांनी मध्येच विचारले, की हे सगळे पाळणे जमलेच नाही तर काय? त्यावरून एखादे तत्त्व पाळण्यातून सवलत देण्याची पद्धत ठरली.

टोगॅफमध्ये अशी सवलत मुदतीची असते, आणि आमच्याकडेही तिला अंतिम तारीख घालणे सक्तीचे केले. तिची पहिली परीक्षा लवकरच झाली. रांजणगावला नवी मोजमाप-यंत्रे आली, त्यांच्याबरोबर यंत्र पुरवणाऱ्यांचे स्वतःचे गुणवत्ता-तपासणीचे सॉफ्टवेअर आले, आणि तिथल्या गुणवत्ताप्रमुखांना ते समूहाच्या प्रणालीऐवजी वापरायचे होते. ग्राहकाच्या ऑडिटची तारीख जवळ होती आणि समूहाच्या प्रणालीत त्या यंत्रांची जोडणी तोवर होणार नव्हती. पूर्वी अशा वेळी दोन्ही बाजूंनी ई-मेलची लढाई झाली असती. या वेळी अर्जात एवढेच लिहावे लागले: कोणत्या तत्त्वाला, कोणत्या कारणाने, किती काळ सवलत हवी, आणि मुदत संपल्यावर यंत्रे समूहाच्या प्रणालीला जोडण्याचा खर्च कोण करील. सवलत मिळाली. मुदत संपत आल्यावर गुणवत्ताप्रमुखांनी ती वाढवून मागितली, तेव्हा सवलत देणाऱ्या समितीने जोडणीच्या खर्चाचा आकडा विचारला. तो रांजणगावच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेला होता, त्यामुळे मुदतवाढ नाकारताना कोणालाही कोणाचे मन दुखवावे लागले नाही.

तत्त्वांत बदल कसा करायचा, हेही आम्ही सुरुवातीलाच ठरवून ठेवले होते. सध्या त्याच मार्गाने दहावे तत्त्व येऊ घातले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे, कामापुरतीच वैयक्तिक माहिती गोळा करावी आणि काम संपल्यावर ती पुसावी, असे विधान मसुद्यात आहे आणि त्यावर कोणाचे दुमत नाही. प्रश्न टाइम ऑफिसचा, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कचेरीचा, आहे. कंत्राटी कामगारांच्या आधार कार्डांच्या छायाप्रती तिथल्या संगणकांवर, कंत्राटदारांच्या ई-मेलमध्ये आणि सुरक्षारक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पसरलेल्या आहेत. भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार कायद्यांसाठी त्यांतली कोणती माहिती किती काळ ठेवावी लागते, याची यादी मनुष्यबळ विभाग करत आहे. कामगार सोडून गेल्यावर कंत्राटदाराकडच्या प्रती कोणी, किती दिवसांत आणि कोणासमोर नष्ट करायच्या, ही परिणामांच्या रकान्यातली ओळ अजून रिकामी आहे, आणि ती भरल्याशिवाय मसुदा मंजुरीला पाठवायचा नाही, असे समितीने ठरवले आहे.